पदव्युत्तर इच्छुक

चाकणच्या कुठल्याही कारखान्याची पहिल्या पाळीची बस पकडा. सांगवीहून सकाळी सहाच्या आत निघणारी. खिडकीशी एक अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा तरुण बसलेला असतो. कानात इअरफोन, मांडीवर मोबाइल, मोबाइलवर परम्युटेशन-कॉम्बिनेशनचा व्हिडिओ चालू, आणि डोळे गच्च मिटलेले. नाशिक फाटा ओलांडला की त्याला झोप लागते ती कंपनीच्या गेटवर मोडते. तोवर व्हिडिओतले सर रंगीत चेंडूंची सगळी वाटणी उरकून मोकळे झालेले असतात. उतरताना हा मोबाइल खिशात सारतो आणि शेजाऱ्याला समाधानानं सांगतो, "आज पीएनसी रिव्हाइज झालं."

हा पदव्युत्तर इच्छुक. महापालिकेच्या निवडणुकीआधी चौकाचौकात फ्लेक्सवर हात जोडून उभे असतात त्याच जातकुळीतला. फरक इतकाच, की त्या इच्छुकांना आपला प्रभाग कुठला हे तरी ठाऊक असतं.

आमच्या कंपनीत असे बरेच आहेत, पण ज्याच्याबद्दल मी सांगतोय तो त्यांच्यातला ज्येष्ठ. मी पडलो अकाउंट्सचा माणूस. बी.कॉम. झालो, नोकरी लागली, पुढं काय असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. त्याची-माझी ओळख झाली ती इन्कम टॅक्सच्या डिक्लेरेशनमुळे. कलम ८०ई, म्हणजे शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाची वजावट, त्या रकान्यात त्यानं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी त्याला बोलावून घेतलं.

"बँकेचं सर्टिफिकेट कुठंय?"

"अजून कर्ज घेतलं नाहीये, सर."

"मग व्याज कसलं?"

"नाही, घेतलं तर यात बसेल ना, एवढंच बघत होतो. आठ वर्षं वजावट मिळते म्हणतात. ती कर्ज घेतल्यापासून धरायची, की व्याज भरायला लागल्यापासून?"

व्याज भरायला लागल्यापासून, असं मी सांगितलं. त्यानं ते डायरीत लिहून घेतलं. नंतर कळलं, त्या डायरीच्या त्याच पानावर म्युनिकमधल्या खोल्यांची भाडी आणि पवईच्या एका मेसचे दर लिहिलेले होते.

खरं सांगायचं तर कामाला पोरगा चोख आहे. मेकॅनिकलचा, क्वालिटी डिपार्टमेंटला. जीईटी, म्हणजे शिकाऊ इंजिनिअर, म्हणून लागला आणि हातात मायक्रोमीटर घेऊन लाइनवर उभा राहून शिकला. ग्राहकाकडून तक्रार आली की आठ डीचा रिपोर्ट त्यानंच लिहावा, असं साहेब लोकही मानतात. एकदा एका हाउसिंगचा बोअर लहान निघाला आणि ग्राहकानं सगळा लॉट परत धाडला. यानं फाइव्ह व्हाय लावला. बोअर लहान का? इन्सर्ट झिजलेला. का? लाइफ संपूनही बदलला नाही. का? मशिनवरच्या काउंटरनं इशाराच दिला नाही. का? काउंटर मध्येच शून्यावर आला होता. का? दुसऱ्या पाळीत चहाला जाताना कुणी तरी रिसेटच्या बटणावर चिंध्यांचा गठ्ठा ठेवायचं! तीन दिवस मशिनपाशी ठाण मांडून यानं ते शोधलं. आता बटणावर झाकण आहे.

असा हा बारकाईचा माणूस. त्याला मी एकदा डबा खाताना सहज विचारलं, "एमबीए का करायचं?"

"ग्रोथसाठी."

"ग्रोथ का?"

"सॅच्युरेशन आलंय ना, सर."

"सॅच्युरेशन का?"

"ग्रोथ नाहीये म्हणून."

तिसऱ्या 'का'ला गाडी पुन्हा फलाटावर. मी भेंडी खायला लागलो.

इच्छेचा उगम इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात. सगळा वर्ग गेटला बसला म्हणून हाही बसला. पासष्ट प्रश्न, शंभर मार्क, तीन तास, आणि कॅल्क्युलेटरसुद्धा माउसनं पडद्यावर टिचक्या मारत चालवायचा. स्कोअर बरा आला. आयआयटीला कमी, पण एका दूरच्या एनआयटीत एम.टेक.ला थर्मल मिळत होतं. याला डिझाइन हवं होतं. शिवाय एम.टेक.चं विद्यावेतन महिना १२,४०० रुपये, आणि तोवर नोकरीचं ऑफर लेटर हातात पडून बुलेट बुक झाली होती. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. "मग घाई काय?" असं तो म्हणाला. हे वाक्य त्यानं त्यानंतर प्रत्येक परीक्षेच्या बाबतीत म्हटलेलं आहे.

मग कॅट. कॅट साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, आणि नेमकी त्याच हंगामात लग्नसराई आणि ग्राहकाची ऑडिटं असतात. पण कॅटचं खरं दुःख वेगळंच. जनरल, इंजिनिअर आणि मेल या तिन्हींची आद्याक्षरं जोडून अशा उमेदवारांना क्लासवाल्यांच्या भाषेत 'जेम' म्हणतात. हे जेम देशात इतके झालेत, की बऱ्याच संस्था मुलींना आणि इंजिनिअर नसलेल्यांना थोडे जादा गुण देतात. वर दहावी-बारावीचे मार्कही धरतात. त्यामुळे वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी हा गृहस्थ बारावीच्या केमिस्ट्रीवर डाफरत असतो. "त्या सॉल्ट ॲनालिसिसनं माझं अहमदाबाद घालवलं," असं तो ज्या पोटतिडकीनं सांगतो, ते ऐकून नव्या माणसाला वाटतं, याचं तिकीट रद्द झालं असावं.

त्यात अनुभवाचं गणित आलं. काही संस्थांच्या गुणपद्धतीत नोकरीचा अनुभव साधारण तीन वर्षांपर्यंत फायद्याचा असतो, पुढं त्याची किंमत वाढत नाही किंवा उतरते. पहिल्या वर्षी हा म्हणाला, अनुभव कमी पडतोय, थांबू. पाचव्या वर्षी म्हणाला, अनुभव जास्त झाला. मधला तो नेमका महिना कोणता होता, हे त्यानं नंतर हिशेब करून काढलं. त्या महिन्यात तो जर्मन शिकत होता.

जर्मनीचं प्रकरण असं, की तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. 'फुकट' हा शब्द ऐकल्यावर सांगवीतल्या कुठल्याही घरात आपोआप कान टवकारले जातात. त्याच्या घरीही टवकारले. शनिवार-रविवारी मॅक्सम्युलर भवनात ए-वनचा क्लास सुरू झाला. पुढं कळलं, की शिक्षण फुकट असलं तरी भारतातून जाणाऱ्याला आधी एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, आणि व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. म्हणजे दहा लाखांच्या वर रक्कम, आपलीच, आपल्यालाच महिन्याला थोडी थोडी परत मिळणार. यावर त्याचे वडील म्हणाले, "म्हणजे पैसे आपले, खातं आपलं, आणि मागायचं त्यांच्याकडे? ही तर तुझ्या आजोबांची पद्धत झाली." तेवढ्यात म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली आणि फुकटातलाही एक मोहरा गेला. जर्मन मात्र थोडं राहिलं. एकदा जर्मन ग्राहकाचा ऑडिटर येणार होता. यानं गेटपाशी पुढं होऊन "गुटन मॉर्गन" म्हटलं. ऑडिटर सांगलीचे निघाले. "नमस्कार, चहा मिळंल का?" म्हणाले.

अमेरिकेसाठी जीआरई दिली. तिची एक शोकांतिकाच आहे. पूर्वी ती परीक्षा पावणेचार तासांची होती. याला वाटलं, मुख्य प्रश्न दमसासाचा आहे. तेव्हा रविवारी दारं लावून, कुकरच्या शिट्ट्यांना बंदी घालून, पावणेचार तास सलग बसायची त्यानं सवय केली. ती सवय पुरती अंगवळणी पडली आणि सप्टेंबर २०२३पासून परीक्षा दोन तासांच्या आत आणली गेली. त्याचं म्हणणं, आपल्यावर अन्याय झाला. स्कोअर चांगला आला. तो पाच वर्षं चालतो. घाई काय! मग सप्टेंबर २०२५मध्ये तिकडच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं, आणि इच्छुक सोमवारी बसमध्ये चढला तो जणू त्यालाच बिल आलंय अशा चेहऱ्यानं. "बरं झालं गेलो नाही," तो म्हणाला. त्या आठवड्यात त्याच्या चेहऱ्यावर जी शांती होती ती मी पूर्वी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

या सगळ्या स्कोअरकार्डांची त्यानं जी व्यवस्था लावली आहे ती बघण्यासारखी आहे. कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटवलाय. कॅट एका प्रवेशवर्षापुरती, टोफेल दोन वर्षं, गेट तीन, जीआरई पाच. मुदत भरपूर असेल तर हिरवा ठिपका, सहा महिने उरले की पिवळा, संपली की लाल. स्टोअरमध्ये रबराच्या सीलना लावतात तोच फिफोचा नियम: आधी आलेला माल आधी वापरायचा. इथं वापर काहीच नाही, पण फिफो कडक पाळला जातो.

आणि आता ती एक्सेल शीट. इच्छुकाची सगळी विद्वत्ता तिच्यात आहे.

उभ्या रांगेत पर्याय: आयआयटीचं एम.टेक., आयआयएम, पवईचं नीटी, चर्चगेटचं जमनालाल बजाज, हैदराबादचं एका वर्षाचं आयएसबी, अमेरिकेचं एमएस, जर्मनी, एका वर्षात उरकणारं इंग्लंड, नोकरी सांभाळून करायचं पिलानीचं एम.टेक., आणि तळाशी उगाच एक सिंगापूर. आडव्या रांगेत निकष: फी, कालावधी, प्लेसमेंट, व्हिसा, ब्रँड, थंडी, शाकाहारी जेवण, 'आई एकटी पडेल का'. प्रत्येक निकषाला वजन, प्रत्येक पर्यायाला दहापैकी गुण, गुणाकार, बेरीज. कारखान्यात डिझाइन निवडताना हीच पद्धत वापरतात आणि तिथं ती छान चालते, कारण तिथं निवडून आलेलं डिझाइन मुकाट्यानं बनवावं लागतं.

पहिल्यांदा शीट चालवली तेव्हा बजाज पहिलं आलं. मला तर ते पटलं. १९६५ सालची संस्था, मुंबईत, एमएमएसच्या जेमतेम १२० जागा, त्यातल्या बहुतेक महाराष्ट्रातल्या मुलांना राज्याच्या सीईटीतून, आणि मोठ्या आयआयएमची फी वीस लाखांच्या वर गेलेली असताना इथली त्याच्या निम्म्यानंही नाही. पण हा गप्प. "एवढं सोपं उत्तर कसं येईल?" असं म्हणून त्यानं 'परदेशाचा अनुभव' असा नवा निकष घातला. जर्मनी वर आली. मग आईला डिसेंबरात सर्दी झाली म्हणून थंडीचं वजन वाढवलं. सिंगापूर पहिलं आलं. सिंगापूरला जायचं कुणाच्याच मनात नव्हतं. तिथल्या विद्यापीठाचं नावही त्यानं शीटमध्ये लिहिलेलं नव्हतं. मग ब्रँडचं वजन दहाचं पंधरा केलं, फीचं पंधराचं बारा, आणि रात्री एक वाजता इंग्लंड पहिलं येऊन झोपला.

मी म्हटलं, "अरे, आहे त्या नोकरीचीही एक ओळ घालून बघ."

घातली. दुसरी आली. तेव्हापासून ती ओळ त्यानं हाइड करून ठेवली आहे.

मधल्या काळात संस्था बदलल्या, हा तसाच राहिला. पवईतलं नीटी १९६३पासून नीटी होतं. याचं ठरता ठरता २०२३ साली ते आयआयएम मुंबई झालं आणि याला ती ओळ 'नीटी'च्या गटातून काढून 'आयआयएम'च्या गटात टाकावी लागली. त्या कामात एक रविवार गेला. सीओईपीचं विद्यापीठ झालं, आयआयएमचे डिप्लोमे एमबीए झाले. हा बी.ई. मेकॅनिकल.

सल्ले गोळा करणं हा त्याचा दुसरा उद्योग. "दादा, फक्त दहा मिनिटं बोलायचं होतं" या वाक्यानं त्यानं ह्यूस्टनपासून हिंजवडीपर्यंत माणसं उठवलेली आहेत. त्यातून एक नियम मात्र माझ्या लक्षात आला. एमएस केलेला सांगतो, एमबीए कर. एमबीए केलेला सांगतो, टेक्निकलच बरं होतं. एम.टेक.वाला म्हणतो, अमेरिकेला जा. आणि अमेरिकेतला, तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असताना, भांडी घासत घासत सांगतो, "अरे, तिथंच बरं आहे. आई-बाबा जवळ आहेत, पोळ्या मिळतात." हे सगळं तो शीटमध्ये 'सिनिअर फीडबॅक' या रकान्यात घालतो. त्यांची सरासरी नेहमी पाचच येते.

एसओपी, म्हणजे आपण हेच का शिकू इच्छितो याचं निवेदन, ही तर वाङ्मयातली स्वतंत्र शाखा मानायला हवी. यानं मला तीन वाचायला दिली. रोबोटिक्सच्या निवेदनात लहानपणी त्यानं आईचा मिक्सर उघडला होता, कारण आतल्या मोटरीचं त्याला कुतूहल होतं. डेटा सायन्सच्या निवेदनात त्याच मिक्सरच्या आवाजावरून वाटण झालं की नाही याचा तो अंदाज बांधत असे. एमबीएच्या निवेदनात त्यानं सोसायटीतली चार मुलं जमवून, प्रत्येकाला जबाबदारी वाटून देऊन, मिक्सर वेळेत आणि कमी खर्चात दुरुस्त केला होता. मी एकदा त्यांच्या घरी गेलो असताना त्याच्या आईला मिक्सरबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "छे हो, त्याला मी हात लावू देईन का? लग्नातला मिक्सर माझा. दुरुस्तीला पिंपरीला जायचा."

शिफारसपत्रांचंही तसंच. कॉलेजातले सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. सगळे सर असंच म्हणतात. यानं लिहिलं, 'वर्गातल्या पहिल्या पाच टक्क्यांतला विद्यार्थी.' सरांनी चष्मा वर केला. "साठ जणांचा वर्ग. पाच टक्के म्हणजे तीन. त्या तिघांना तर मी ओळखतो." मग बरीच घासाघीस होऊन वीस टक्क्यांवर सौदा पटला.

घरात आता या विषयाचा आवाज करत नाहीत. वडील वीज मंडळातून निवृत्त. ते पूर्वी तावातावानं भांडायचे, हल्ली फक्त पेपर खाली करून म्हणतात, "अरे, एखाद्या ठिकाणी फॉर्म तरी भर. भरल्याशिवाय ते तुला नाकारणार तरी कसे?" नातेवाइकांना मात्र आई अजून अभिमानानं सांगते, "त्याचं बाहेरचं बघतोय." 'बाहेरचं' म्हणजे कंपनीबाहेरचं, पुण्याबाहेरचं की देशाबाहेरचं, हे ज्यानं-त्यानं आपापल्या ऐपतीप्रमाणे समजून घ्यायचं.

लग्नाचंही अडलंय ते इथंच. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात 'बी.ई. (मेकॅनिकल), पुढील शिक्षण विचाराधीन' असं लिहिलेलं आहे. गेल्या वर्षी एक चांगलं स्थळ आलं. मुलगी एनआयटीची एम.टेक., बाणेरला नोकरीला. कांदेपोहे झाले, मोठी माणसं गॅलरीत गेली, दोघांना बोलायला मोकळीक दिली. यानं डायरी काढली.

"तुमचा गेट स्कोअर किती होता?"

तिनं सांगितला.

"सीसीएमटीच्या कितव्या राउंडला मिळालं?"

तिनं तेही सांगितलं. हॉस्टेल कसं, लॅब कशी, गाइड वेळ देतात का, प्लेसमेंटला कोण कोण येतं, सगळं सांगितलं. पोरगी सालस होती. पाऊण तासानं हा बाहेर आला तेव्हा दोन पानं भरलेली होती आणि चेहरा फुललेला होता. आईला वाटलं, जमलं. "कसं वाटलं?" तिनं हळूच विचारलं. "फारच उपयुक्त," हा म्हणाला. दोन दिवसांनी मध्यस्थ काकूंचा फोन आला. मुलीकडच्यांचं म्हणणं होतं की मुलगा सज्जन आहे, पण त्याला मुलगी नको, मार्गदर्शन केंद्र हवंय.

कंपनीत या इच्छेची किंमत त्याला पडली आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. "तो जाणारच आहे" हे एकदा साहेबांच्या डोक्यात बसलं की लांब पल्ल्याचं काम तुमच्याकडे येत नाही. नव्या लाइनची जबाबदारी द्यायची वेळ आली तेव्हा ती डिप्लोमा करून लागलेल्या एका मुलाला दिली गेली. तो कुठं जाणार नव्हता. आज तो मुलगा असिस्टंट मॅनेजर आहे आणि इच्छुकाच्या रजेच्या अर्जावर सही करतो. परवाचा अर्ज मी पाहिला. कारण लिहिलं होतं, 'परीक्षा'. वर त्या मुलानं प्रेमानं लिहिलं होतं, 'ऑल द बेस्ट, सर.'

लोक त्याला धरसोड म्हणतात. मला तसं वाटत नाही. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दारं उघडी केली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात बारावीला बरे मार्क पडलेल्या मुलाला 'तुला काय व्हायचंय' असं विचारायची पद्धत बंद पडली. यालाही कुणी विचारलं नव्हतं. कॉम्प्युटर भरलं होतं, कॅप राउंडनं मेकॅनिकल दिलं. कंपनी प्लेसमेंट सेलनं दिली. डिपार्टमेंट एचआरनं. शिफ्ट सुपरवायझरनं. बुलेटचा रंगसुद्धा डीलरकडे जो होता तो. पुढचं शिक्षण ही त्याच्या आयुष्यातली पहिली गोष्ट, जी कुणी तरी त्याच्या हाती सोपवून म्हटलं की बाबा, तूच ठरव. ते हाती आलेलं ठरवणं त्याला सोडवत नाही. एकदा ठरलं की तो कुठल्या तरी एका कोर्सचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. न ठरेपर्यंत तो आयआयटी, आयआयएम, म्युनिक, सगळीकडचा.

आमच्या सीएनसी लाइनला खेडचे एक सेटर मामा आहेत. आयटीआय झालेले, पन्नाशीच्या आसपासचे. मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मची चौकशी करता करता त्यांनी स्वतःचाही नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.ए.चा फॉर्म भरला. इच्छुकाच्या गेट स्कोअरची मुदत संपायच्या आत मामांचं बी.ए. झालं. पेढे वाटत ते क्वालिटीत आले. "साहेब, तुमचं त्या एमबीएचं कुठवर आलं?"

"चाललंय, मामा. शॉर्टलिस्ट करतोय."

"करा, करा. घ्या, अजून एक घ्या."

पण एक गोष्ट त्याच्या खात्यावर जमा करायलाच हवी. ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या कंपन्यांचे फोन तुम्ही-आम्ही कापतो. तो कापत नाही. अख्ख्या पुण्यात त्या पोरींशी नीट बोलणारा हा एकटाच असावा. एकदा जेवणाच्या सुट्टीत असाच फोन आला. वर्किंग प्रोफेशनलसाठी प्रोग्रॅम, आज नाव नोंदवलं तर सवलत, वगैरे. यानं क्रेडिट किती, परीक्षा कशी, पदवी यूजीसीला मान्य आहे का, माजी विद्यार्थी कुठं लागले, असं एकेक विचारत तिची पुरती दमछाक केली. शेवटी पलीकडून तिचा आवाज बदलला. "सर, एक विचारू का? मीपण बी.ई. आहे, ईएनटीसी. तुम्हाला एवढी माहिती आहे. मी सीईटी देऊ का?" हा ताठ बसला. तिचे दहावीपासूनचे मार्क विचारले, घरची परिस्थिती विचारली, सीईटीत दोनशे प्रश्न, अडीच तास आणि चुकीला दंड नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही हे बजावलं, कुठल्या कॉलेजांत फी परवडेल ते सांगितलं, आणि डबा तसाच ठेवून तिला शीट पाठवली. पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाल्याचा मेसेज आला. तिच्यासारखे बरेच झालेत. त्याच्या शीटवरून कोण जर्मनीला गेलं, कोण बंगळुरूला. त्यातल्या प्रत्येकाला निरोप द्यायला हा विमानतळावर किंवा स्टेशनवर जातो, आणि परतताना बसमध्ये त्या पर्यायाच्या गुणांत किरकोळ दुरुस्ती करतो.

तेव्हा तुमच्या घरात कुणी नोकरी करून पुढं शिकायचं म्हणत असेल, तर क्लासवाल्यांना आणि सल्लागारांना पैसे देण्याआधी याच्याकडे पाठवा. तो काही घेत नाही. एकच पथ्य पाळा: "तुझं काय ठरलं?" असं विचारू नका, नाही तर तुमची शेवटची बस चुकेल. आणि शीट घेताना 'फायनल_नवीन_खरी फायनल' या नावाचीच घ्या. तिच्या आधीच्यांत म्युनिक अजून फुकट आहे.